अकरावी सूचना

अनय, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू तुझी डोंगर चढायची काठी सुटी करून मला दाखवलीस. एक नळी दुसऱ्या नळीत सरकते आणि पिळली की जागच्या जागी घट्ट बसते, हे कसं होतं ते तुला पाहायचं होतं. आतून बोटाएवढा एक तुकडा निघाला. पिळलं की तो फुगायचा, उलटं पिळलं की बारीक व्हायचा. "आजी, हा एवढासा तुकडा माझं सगळं वजन कसं धरतो?" असं तू विचारलंस. मी म्हटलं, "मला नाही बाबा कळत यंत्रातलं," आणि तुझ्या शेजारी बसलेल्या रेवाला तिच्या शाळेचं विचारायला लागले. ते खोटं होतं. तो तुकडा कसा धरतो हे मला पक्कं माहीत आहे, आणि कधी धरत नाही हेही माहीत आहे. आमच्या घरात तीन वर्षं याच जातीची वस्तू बनत होती, तुझ्या काठीतल्यापेक्षा जाड आणि पोलादाची. तुम्हा दोघांसाठी मी माझ्या लहानपणाचं जे लिहिते आहे त्यात हे प्रकरण घालायचं नाही, असं मी आधी ठरवलं होतं. वहीच्या पहिल्या पानावरची अनुक्रमणिकासुद्धा त्याच्याशिवाय केली होती. कॉल बंद झाल्यावर मी ती अनुक्रमणिका खोडली.

आम्ही नाशिकजवळ सातपूरला राहायचो. तिथे कारखाने नुकतेच उभे राहायला लागले होते आणि दोन कारखान्यांच्या मध्ये अजून भुईमुगाची शेतं होती. आमच्या जागेत पुढे पत्र्याची शेड, मागे राहायच्या दोन खोल्या, आणि त्यांच्या मागे मोरी आणि तांब्याचा बंब. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत होती आणि त्या भिंतीला आईची ताटाळी ठोकलेली होती. लेथवर जाड काम लागलं की ताटाळीतली ताटं थरथरायची. बारीक काम असलं तर नुसत्या वाट्या किणकिणायच्या. आई भाकरी थापता थापता, मान न वळवता सांगायची, "आज तुझ्या दादांनी मोठा रॉड लावलाय गं." वडिलांना मी दादा म्हणायचे. भाकरीला कटिंग ऑइलचा वास येतो अशी माझी रोजची तक्रार होती. त्यावर आईचं रोजचं उत्तर होतं, "त्या वासावरच तुझी इंग्रजी शाळा चाललीये. नाक मुरडू नको, घास घे."

शेडमध्ये दादांशिवाय एकच माणूस होता, नामदेवकाका. ते आणि दादा आधी एका मोठ्या कारखान्यात एकाच पाळीत होते. दादांनी नोकरी सोडून स्वतःची शेड टाकली, त्याच्या दुसऱ्या दिवशी नामदेवकाका डबा घेऊन दारात हजर झाले. "भाऊ, तिथं आता बोलायला कोण हाय?" एवढंच कारण त्यांनी सांगितलं. ते चांदवडचे. गावी त्यांच्या भावाकडे कांद्याची शेती होती, बायको-मुलं तिकडेच होती, आणि ते आठवड्याच्या सुट्टीला एस.टी.ने घरी जाऊन यायचे. त्यांचा हात कानशीवर होता. दादा लेथवर जे काम मापाचं घड्याळ लावून करायचे ते नामदेवकाका व्हाइसमध्ये तुकडा धरून नुसत्या कानशीने करायचे, आणि भिंतीपलीकडून मला आवाजावरून कळायचं की काम कुठवर आलंय. सुरुवातीला खरखर असायची, शेवटी शेवटी कोणी उसासा टाकावा तसा आवाज. दुपारी ते आमच्यातच जेवायचे. आईच्या हातचं हुलग्याचं शेंगोळं त्यांना फार आवडायचं, पण ते कधी सरळ तसं म्हणाले नाहीत. "वहिनी, यात लसूण टाकलाय का नुसता दाखवलाय?" "दाखवलाय. टाकला तर तुम्हाला परातभर भाकरी लागतात." मग दादा मान खाली घालून हसायचे. मोठ्याने हसलेले मला आठवत नाहीत.

आता त्या वस्तूविषयी. बांधकामाला तेव्हा सगळीकडे बांबूची परांची असायची आणि लोखंडी पाइपांची परांची नवीन निघाली होती. पाइप ठराविक लांबीचे येतात. परांची उंच न्यायची तर एका पाइपावर दुसरा उभा करावा लागतो, आणि तो जोड आतून देतात. पोलादाची दोन अर्धगोल पाती, त्यांच्या मध्ये एक पाचर, आणि पाचरीला ओढणारा बोल्ट. अर्धी वस्तू खालच्या पाइपात घालायची, अर्धी वरच्या. मधल्या फटीतून बोल्ट पान्याने आवळला की पाचर आत सरकते, पाती फाकतात आणि दोन्ही पाइपांना आतून दाबून धरतात. बाजारात तिला जॉइंट पिन म्हणतात. दादांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एक परदेशी पिन नमुना म्हणून आणली होती आणि तिच्या डब्यात घडी घातलेला एक इंग्रजी कागद होता. नामदेवकाकांनी ती पिन आठ दिवस खिशात घालून फिरवली. नवव्या दिवशी तशीच दुसरी तिच्याशेजारी ठेवून ते मला म्हणाले, "कुंदाताई, यातली सायबाची कंची आणि चांदवडची कंची, सांग बरं." मला सांगता आलं नाही. त्या दिवशी ते आईला म्हणाले, "वहिनी, आज लसूण टाका."

पात्यांच्या बाहेरच्या अंगाला बारीक खाचा असायच्या, पाइपाला पकड घट्ट बसावी म्हणून. त्या खाचा नामदेवकाका हाताने, कानशीने पाडायचे. पिन तपासायची आमची रीत गमतीची होती. पाइपाचे दोन तुकडे पिनेने जोडायचे, दोन स्टुलांवर आडवे टाकायचे आणि मधोमध, जोडावर, मला बसवायचं. "बस गं नीट. अजून जड हो. भाऊ, पिन नुसती हसतीये, हिला काय वजनच नाय." जोड वाकला नाही की पिन पास. ओढून पाहायचं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही, कारण उभ्या परांचीत वरचा पाइप खालच्यावर दाबतच असतो. पिनेने त्याला फक्त सरळ रेषेत धरायचं असतं.

पिना विकल्या जायला लागल्या तसं दादांना वाटलं की आपल्याही डब्यात कागद हवा आणि तो मराठीत हवा. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं, शाळा नन्सची, आणि वर्गात माझ्या वह्या नमुना म्हणून इतर मुलींना दाखवल्या जायच्या. मी शब्दकोश घेऊन बसले. इंग्रजी कागदावर अकरा सूचना होत्या. पाइपाचं तोंड साफ करून घ्या, पिन अर्धी आत घाला, बोल्ट अमुक इतका आवळा, गंजलेली पिन वापरू नका, अशा. छापखान्यात एका बाजूचं एकच पान छापायचं ठरलं होतं. मी तीनदा उतरवून काढलं आणि तिन्ही वेळा अकरावी सूचना पानाबाहेर गेली. मी दादांना विचारलं, "एक सूचना मागच्या बाजूला घेऊ का?" ते लेथवर वाकलेले होते. "मागची बाजू कोण बघतं? एका पानात बसव." अकरावी सूचना अशी होती की, पाइप टांगायचे असतील आणि खालच्या पाइपाचं वजन पिनेला ओढत असेल, तर तिथे ही पिन वापरू नये, बाहेरून आवळायचा जोड वापरावा. मी विचार केला, परांची कोण टांगतं? मी पाहिलेली प्रत्येक परांची जमिनीवर उभी होती. आणि खरं सांगायचं तर दहा हा आकडा मला बरा वाटला. पान खालीवर सारखी जागा सोडून छान बसलं. एक ओळ गाळली हे मी दादांना सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही. छापून आलेला पहिला कागद नामदेवकाकांनी एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचला आणि शेडच्या दाराला आतून खिळ्यावर लावला.

सध्या आमच्या सोसायटीला बाहेरून रंग चालू आहे. माझ्या गॅलरीसमोर पाइपांची परांची उभी आहे, आणि तिच्यावर दोन माणसं दिवसभर गप्पा मारत, मोबाइलवर गाणी लावून काम करतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, पडदे लावून घ्या, धूळ येते. मी पडदे लावत नाही. जिथे जिथे एक पाइप संपून दुसरा सुरू होतो तिथे मी बघत राहते. काल त्यातल्या एकाने विचारलं, "काय बघता आजी?" मी म्हटलं, "काही नाही, पट्टा बांधलास का?" तो हसला. बांधला नव्हता.

नवरात्र तोंडावर आलं होतं आणि वणीला पायी निघालेली माणसं रस्त्याने जायला लागली होती. अशाच एका दिवशी, शाळेतून येऊन मी जेवत होते तेव्हा, शेडमधला लेथ एकदम थांबला. ताटाळी गप्प झाली. आईने माझ्या हातात चहाच्या कपांचा ट्रे दिला, कोणी आलंय म्हणाली. एका कंत्राटदाराचा मुकादम आला होता. त्याने गोणपाटाची पिशवी टेबलावर उपडी केली. चार पिना निघाल्या आणि त्यांच्यावर चिखलाने माखलेला माझा कागद.

"शेठ, माणूस गेला आमचा," तो म्हणाला.

इगतपुरीच्या बाजूला एका ओढ्यावरच्या पुलाच्या पोटाला गिलावा चालला होता. ओढ्याला अजून पावसाचं पाणी होतं. पाण्यात पाइप उभे करता येईनात, म्हणून त्यांनी पुलावरून चार पाइप खाली सोडले, ते पुरेनात म्हणून प्रत्येकाला आमची पिन घालून दुसरा पाइप जोडला आणि त्यांच्यावर फळ्या बांधल्या. फळ्यांवर दोन गवंडी होते. एका कोपऱ्यातली पिन सुटली आणि फळ्या तिरक्या झाल्या. एकाने पाइपाला मिठी मारली. दुसरा, दत्तू नावाचा, खाली खडकावर पडला.

"टांगली?" दादा म्हणाले. "पिनेवर टांगलीत?"

"मग पाण्यात उभी करू? मी काय मनानं नाय केलं, शेठ. तुमचा कागद माझ्या पोरीकडून वाचून घेतला. दहाच्या दहा कलमं. दाखवा मला, कुठं लिहिलंय टांगू नका म्हणून."

दादांनी कागद उचलला नाही. नामदेवकाकांनी पिना उचलल्या. चारही त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसल्या, उजेडात धरल्या, आणि एक वेगळी काढली. "सुटलेली हीच ना?"

"हीच. बाकीच्या तीन हालल्याबी नाय."

त्यांनी तिच्या खाचांवरून अंगठ्याचं नख फिरवलं, मग दुसरीवरून, मग पुन्हा तिच्यावरून. "भाऊ, हिच्या खाचा उथळ हायेत."

"नामदेव, तू गप्प बस."

"त्या आठवड्यात माझा खांदा धरला होता. वहिनींनी तेल दिलं होतं चोळायला. मी म्हटलं, चालवून घेऊ." त्यांचा आवाज अगदी साधा होता, माप सांगावं तसा. "तीन टिकल्या, भाऊ. एक सुटली. खोट एकीतच हाय. माझ्या हातची हाय."

मी ट्रे स्टुलावर ठेवला आणि घरात गेले. माझी सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली असायची. इंग्रजी कागद तळाशी होता. अकरावी सूचना मी उभ्यानेच वाचली. इतर सूचना साध्या अक्षरांत होत्या. ही एकटी जाड अक्षरांत छापलेली होती. भाषांतर करताना ते माझ्या लक्षात आलं होतं का? मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता खरं काय ते उरलेलंच नाही.

मुकादम गेला, नामदेवकाका न जेवता त्यांच्या खोलीवर गेले, आणि दादा मोरीत हात धुवायला आले तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. काय लिहिलंय ते सांगितलं. त्यांनी ओले हात पंच्याला पुसले, कागद घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांना तो वाचता येत नव्हता, पण जाड ओळ दिसत होती.

"एका पानात बसव, हे मी म्हणालो होतो," ते म्हणाले.

"पण ओळ मी गाळली. दादा, नामदेवकाकांना सांगा ना. त्यांची चूक नाहीये."

"सांगितलं तर ते पोलिसांना सांगावं लागेल. उद्या जबाब घ्यायला येतील. तुझं नाव येईल."

"येऊ दे."

"कुंदा, तुला समजत नाहीये. तुझी परीक्षा आहे. तुझं सगळं व्हायचंय अजून." मग खाली बघत ते म्हणाले, "नामदेव मोठा माणूस आहे. त्याला पेलेल."

आई दाराशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, त्याला तीन मुलं आहेत."  दुसऱ्या दिवशी सकाळी बंब पेटवताना दादांनी तो कागद ढलप्यांखाली सरकवला. मी बघत होते हे त्यांना माहीत होतं. त्या पाण्याने मी अंघोळ केली आणि शाळेत गेले.

पोलीस आले, जबाब लिहून घेऊन गेले. नामदेवकाकांनी त्यांना खांद्याचं सांगितलं. मुकादमाने कागदाचं सांगितलं. हवालदाराने दारावरचा कागद वाचला, मान हलवली, आणि त्या कागदात काय नाही हे विचारायचं त्याला काही कारण नव्हतं. पुढे कोणावर काही कारवाई झाली नाही. पण आमच्याकडे त्या आठवड्यात अजून एक माणूस आला.

ते दत्तूचे वडील होते. डोक्याला फडकं, पायात काही नाही, बरोबर कोणी नाही. इगतपुरीहून विचारत विचारत आले होते. दादांनी त्यांना खुर्ची दिली, ते जमिनीवर बसले. भांडायला आले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ती वस्तू बघायला मिळंल का?"

दादांनी कपाटातून एक पिन काढून दिली. म्हाताऱ्याने ती दोन्ही हातांत धरली, फिरवली, एका डोळ्याने आत बघितलं. "येवढीच?" ते म्हणाले. "मला वाटलं, मोठी आसंल."

नामदेवकाका व्हाइसपाशी उभे होते. ते पुढे आले, म्हाताऱ्यासमोर उकिडवे बसले. "बाबा, जिनं घात केला ती माझ्या हातची होती."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमाला लेकरं किती?"

"तीन."

"हां." त्यांनी पिन जपून जमिनीवर ठेवली, जणू ती सांडेल. मग पाणी मागितलं. ते मीच आणलं. तांब्या घेऊन मी दोघांच्या मध्ये उभी होते. दादा म्हाताऱ्याकडे बघत नव्हते, नामदेवकाकांकडेही नाही. ते माझ्याकडे बघत होते. तिथे एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मला दोन भाषांत येत होतं. म्हाताऱ्याने मी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं. ते प्यायले, तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "देव तुझं भलं करो, पोरी."

दिवाळीच्या आधीच नामदेवकाका गेले. दादा त्यांना थांब म्हणाले, दोनदा म्हणाले, पण ते कसं म्हणाले हे मी ऐकलंय. नामदेवकाका म्हणाले, "भाऊ, कानस धरली की हात थरथरतोय. असल्या हाताचं काम तुम्हाला नको." आईने त्यांना शेंगोळं बांधून दिलं. लसणाविषयी ते काही बोलले नाहीत. दादांनी पिना बनवणं बंद केलं आणि एका कारखान्याचे सुटे भाग बनवायला घेतले. दारावरचा कागद मी काढला. मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले. दादांनी पेढे वाटले, आणि चांदवडला एक पुडा पाठवू का असं आईने विचारल्यावर ते उठून शेडमध्ये गेले. लेथ सुरू झाला. त्यावर काहीच लावलेलं नसणार, कारण एकही वाटी वाजली नाही.

पाच वर्षांनी माझं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या तेव्हा मी आईला म्हटलं, चांदवडची पत्रिका मी स्वतः देऊन येते. दादा घरात नव्हते. आईने डब्यात लाडू भरले, अक्षता पुडीत बांधल्या. दाराशी मला थांबवून म्हणाली, "जा. पण स्वतःचं मन हलकं करायला जात असशील तर जाऊ नकोस. त्याचं करायला जा."

नामदेवकाका कांद्याच्या चाळीत कांदे निवडत बसले होते. मला पाहून उठले, "अगं, कुंदाताई! केवढी झालीस!" आणि बायकोला हाका मारायला लागले. त्यांचे केस पांढरे झाले होते, पण हात तसेच होते, रुंद आणि स्वच्छ. काकूंनी पत्रिका देवापुढे ठेवली. बोलता बोलता म्हणाल्या, "अख्ख्या नाशकाचं लोखंड घासलं यांनी, आणि आता घरातल्या विळ्याला धार लावायची तर शेजारी पाठवत्यात. हात लावत नाय." नामदेवकाका हसले. काकू चुलीकडे गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. अकरावी सूचना, पान, बंब, काहीही लपवून ठेवलं नाही. ते एक कांदा हातात धरून ऐकत होते.

"भाऊंना ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"भाऊ असं करायचे नाय."

"केलं, काका. माझ्यासाठी केलं."

त्यांनी कांदा खाली ठेवला. बाहेर कोणीतरी बैलाला ओरडत होतं. मग ते म्हणाले, "मला एक सांग. कागदात ती ओळ नव्हती, ती चारी पिनांना नव्हती, का एकीलाच नव्हती?"

"चारींना."

"मग तीन कशा टिकल्या?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी ते पाच वर्षं शोधलं होतं, कॉलेजच्या ग्रंथालयात, इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत. पाइप आतून थोडा तेलकट असतो, थोडा गंजका असतो, बोल्ट एक फेरा कमी आवळला जातो. ओढलं जात असताना कुठली पिन धरेल आणि कुठली सुटेल हे खाचांवरून सांगता येत नाही. उत्तम पिनही सुटते. म्हणून तर ती ओळ जाड अक्षरांत होती. हे सगळं मी मनात मराठीत तयार करून आणलं होतं.

पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू लहान होतीस. तेव्हापासून हे डोक्यात घेऊन बसलीस व्हय? वेडी का काय. माझं मला ठाऊक हाय. त्या खाचा मी हातानं चाचपल्यात. लगीन ठरलंय, आता हे काढून टाक." आणि मला रडू फुटलं. त्यांच्या हाताखाली मान घालून मी रडले, आणि ते "उगी, उगी" म्हणत राहिले, आणि मी उत्तर दिलं नाही. काकू आल्या, त्यांना वाटलं मुलगी सासरी जाणार म्हणून रडतेय. "हेच तुझं केळवण समज," म्हणाल्या, आणि मला पाटावर बसवून बाजरीची भाकरी, पिठलं, वर लोण्याचा गोळा असं जेवायला वाढलं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. नामदेवकाका समोर बसून, पोटच्या मुलीकडे बघावं तसे, माझ्याकडे बघत होते.

परतीच्या एस.टी.त मला खिडकीची जागा मिळाली. मला वाटलं होतं, रस्ताभर जीव टांगणीला लागेल. पण चांदवड सुटलं आणि मला झोप लागली, इतकी गाढ की नाशिकला कंडक्टरने खांदा हलवून उठवलं. त्या पाच वर्षांत तशी झोप मला लागली नव्हती. नामदेवकाका त्यानंतर बारा-पंधरा वर्षं जगले आणि मी पुन्हा चांदवडला गेले नाही. माझं उत्तर ऐकून त्यांनी कानस पुन्हा हातात धरली असती का, हा प्रश्न मला त्या दिवशी घरी पोचून, हातपाय धुऊन, चहा पिऊन झाल्यावर पहिल्यांदा पडला.